रवा हा जपानी शब्द नाही

आमचे मास्तर कौलं फोडायचे नाहीत. कराटे म्हटलं की लोकांना आधी आठवतात ती एकावर एक रचलेली कौलं आणि आरोळी ठोकून त्यांचे दोन तुकडे करणारा माणूस. दर वर्षी गणपतीच्या आधी मंडळाचा एखादा उत्साही कार्यकर्ता यायचा आणि म्हणायचा, "मास्तर, यंदा स्टेजवर पोरांचं जरा फोडाफोडीचं होऊन जाऊ द्या." त्याने घराला काडी लावायला सांगितल्यासारखे मास्तर त्याच्याकडे बघायचे.

"कौलां फोडूक? कौलां घरार घालूची असतत. गावाक माझ्या घराची कौलां वांदर फोडतत. तुका बघूचा आसात तर थंय जा. तिकीट पण नाय." कार्यकर्ता वळला की मागून एक वाक्य यायचंच. "आणि माका सांग, वांदराक खयचो पट्टो देऊ?"

लालबागच्या एका चाळीत तळमजल्यावर व्यायामशाळा होती, तिथे आठवड्यातून तीन संध्याकाळी मास्तरांचा वर्ग भरायचा. उरलेल्या दिवशी तिथे मल्लखांब असायचा, त्यामुळे भिंतींना एरंडेलाचा वास कायमचा. मास्तर कॉटन ग्रीनच्या एका कापसाच्या गोदामातून निवृत्त झालेले. बुटके, रुंद, केसांना बेतानं खोबरेल लावलेले, आणि चेहरा असा की हे आता हसणार की ओरडणार याचा शेवटपर्यंत पत्ता लागू नये. आता ते गावाला असतात. मे महिन्यात एकदा फोन करतात, आंबे कसे झाले ते सांगतात आणि "गुडघे वाकवतास मां?" असं विचारून ठेवून देतात. मी होय म्हणते. त्यांना ते खोटं कळतं.

त्यांचा गणवेश मांजरपाटाचा. दुकानातले तयार झगे त्यांना चालत नसत. डिलाईल रोडवरच्या त्यांच्या एका ठरलेल्या शिंप्याकडे माप द्यायचं, मांजरपाटच घ्यायचा, आणि घरी नेऊन खळ घालायची. त्यांच्या स्वतःच्या कपड्यांना निळीचा हात इतका सढळ असायचा की पांढरा गणवेश आभाळी दिसे. त्यांनी हात झटकला की बाहीचा फाट्कन आवाज यायचा. आम्ही नवखे दबून जायचो. पुष्कळ दिवसांनी कळलं की त्यातलं निम्मं कराटे होतं आणि निम्मी खळ.

चपला दाराबाहेर एका ओळीत, आणि टाचा भिंतीकडे. यात थोडी कसूर झाली की वर्ग थांबायचा. एका वडिलांनी फार आदराने विचारलं होतं, "ही जपानी शिस्त ना, मास्तर?" मास्तर म्हणाले, "आग लागली तर पायात घालून पळूक बरी पडतत."

एप्रिल सुरू झाला की गल्लीत मसाले कुटणारे यायचे. भाजलेल्या मिरचीचा ठसका थेट व्यायामशाळेत. मुलं शिंकायची, डोळे चोळायची, मोठी माणसं खिडक्या लावा म्हणायची. मास्तर खिडक्या उघड्या ठेवायचे. "शिंक येतली. येवंदे. पण डोळो मिटूचो नाय." डोळे उघडे ठेवून शिंकता येत नाही असं मी त्यांना शास्त्राधाराने समजावू लागले. मी परळला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते, त्यामुळे शास्त्राधार माझ्याकडे असतोच. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "वैनी, तुमचा बरोबर आसा. आता खाली बसा नि ईस बैठका काढा."

मी तिथे कशी पोचले ते सांगायला हवं, कारण कराटे शिकावं असं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. दादरचं घर, वडील बँकेत, आई शाळेत. आमच्याकडे व्यायाम म्हणजे शिवाजी पार्कला दोन फेऱ्या आणि मग भेळ. प्रश्न माझ्या लेकीचा होता. गार्गी तेव्हा अकरा वर्षांची होती आणि ती मारायची.

खोडकर मुलं मारतात तसं नव्हे. तिचा राग यायला वेळ लागायचा, पण आला की जायचाच नाही. शाळेत एका मुलीने तिची वही फाडली. गार्गीने तिला ढकललं, तिचा चष्मा फुटला. इथवर मी समजू शकले. पण ती मुलगी खाली बसून रडत होती, दोन्ही हात जोडून सॉरी म्हणत होती, आणि गार्गीने तिला त्यानंतर दोनदा मारलं. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून हे सांगितलं तेव्हा त्यांचाही आवाज खाली आला होता. पुन्हा अशी तक्रार आली तर आम्हाला दुसरी शाळा बघावी लागेल, असं त्या म्हणाल्या. मला शाळेची भीती नव्हती. रडणाऱ्या मुलीला मारणारी मुलगी माझी आहे, हे घेऊन मी त्या रात्री झोपू शकले नाही.

माझ्या लॅबमधल्या एका मैत्रिणीने मास्तरांचं नाव सुचवलं. नवरा म्हणाला, "आगीत तेल घालतेयस. मारणाऱ्या मुलीला मारायला शिकवणार?" हीच शंका मी पहिल्या दिवशी मास्तरांपुढे ठेवली. सगळं सांगितलं, हात जोडून सॉरी म्हणण्यापर्यंत. मला वाटलं होतं ते म्हणतील, मुलं असतातच तशी. ते तसं काही म्हणाले नाहीत. गार्गीकडे एकदा नीट बघून ते माझ्याशी जरा जपून, शुद्ध मराठीत बोलू लागले. ते दोन वाक्यं टिकलं.

"मारणे हे सर्वांना येते. ते शिकवावे लागत नाही. थांबूक शिकवूचा लागता, वैनी. त्याका वर्षां लागतत."

मग त्यांनी मला विचारलं, "तुमी खय बसतलात?" मी बाकाकडे बोट दाखवलं. तो बाक पालकांसाठी नव्हता. पालकांसाठी रांग होती, सगळ्यात मागची. गल्लीतली पोरं एकटी येत, पण पोराला घेऊन यायचं तर स्वतः उभं राहायचं, हा त्यांचा नियम. ज्यांना पटत नसे ते दुसरीकडे जात, आणि बरेच जातही. मी चुडीदारावर रांगेत उभी राहिले. माझ्या डावीकडे एक गुजराती काका होते, कंटाळलेल्या दिसणाऱ्या दोन मुलांचे वडील, उजवीकडे टॅक्सीवाल्या यादवांची बायको. बेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा कुणालातरी, म्हणजे हवेला, गुद्दा मारला. मला लाज वाटली, आणि मजाही आली.

आता त्या शब्दाकडे येते.

मास्तर आकडे जपानीत मोजायचे. इची, नी, सान, शी. "शी"ला लहान मुलं दर वेळी हसायची, मास्तर दर वेळी न हसता पुढे जायचे. आकड्यांच्या अधेमधे आज्ञा यायच्या. "फाट्टी!" म्हटलं की सगळे एक पाऊल मागे. "वाइच्च!" म्हटलं की गुडघा थोडासा वाकवायचा. आणि "र्रवा!" म्हटलं की हात, पाय, श्वास, जे जिथे असेल ते तिथे थांबायचं. मूठ समोरच्याच्या छातीपाशी असेल तर छातीपाशी. थांबायचं, पण ढिलं पडायचं नाही, मागे सरायचं नाही, तिथेच राहायचं. हे सगळं ते इतकं तोडून आणि गुरगुरून म्हणायचे की इची-नी-सानच्या शेजारी ते शब्द अगदी शोभून दिसायचे.

मी वहीवाली बाई. घरी येऊन मी शब्द लिहून काढले आणि फोनवर शोधले. आकडे मिळाले. थांबण्यासाठी "यामे" असा शब्द मिळाला. रवा, फाटी, वायच काही मिळेना. आता माणसाने अशा वेळी शेजारच्या चाळीतल्या कुठल्याही आजींना विचारावं. मी मात्र पुढचं वाचन केलं. कराटेचा उगम ओकिनावा बेटावरचा, तिथली बोली वेगळी, आता लोप पावत चाललेली. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मास्तरांनी, मला वाटलं, ती जुनी बोली जपली आहे!

मी सगळ्या पालकांसाठी एक दोन पानी पत्रक तयार केलं. डावीकडे मास्तरांचे शब्द, उजवीकडे अर्थ, आणि खाली टीप: "रवा, फाटी, वायच हे शब्द प्राचीन ओकिनावा बोलीतील असावेत." चाळीस प्रती काढल्या. मास्तरांना पहिली प्रत दिली. त्यांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली. टिपेपाशी त्यांची नजर जरा रेंगाळली. मग घडी घालून खिशात ठेवत ते म्हणाले, "लय मेहनत घेतलात." एका मुलाचे आजोबा ते पत्रक वाचून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मला वाटलं ठसका लागला, मसाल्याचे दिवस होते.

मास्तर एरवीही मालवणीतच बोलायचे, मग तुला कळलं कसं नाही, असं मला लोक विचारतात. त्याचं उत्तर एवढंच, की त्यांचं बोलणं मला जितकं समजायचं त्यापेक्षा जास्त मी समजल्यासारखी हसायचे.

दीड वर्ष गेलं. गार्गी बदलली का, हे मला कळत नव्हतं. शाळेतून तक्रार आली नव्हती. पण घरी ती गप्प असायची, आणि तिच्या गप्प बसण्याची मला धास्ती वाटायची. मला पुरावा हवा होता. परळला एका नव्या टॉवरमध्ये वातानुकूलित वर्ग निघाला होता, तिथे दर तीन महिन्यांनी मुलं पिवळी, केशरी, हिरवी होत होती. आमच्या सगळ्यांच्या कमरेला पांढराच पट्टा. मी मास्तरांच्या मागे लागले. बाहेरचा परीक्षक बोलवा, रीतसर परीक्षा घ्या, कागद द्या.

"कागद काय सांगतलो?" मास्तरांनी विचारलं.

"मुलीला किती आलंय ते."

"तुमका दिसणा नाय?"

मी म्हटलं, नाही, खरंच दिसत नाही. हे मी जरा रडवेली होऊन म्हटलं असणार, कारण ते वाद न घालता कबूल झाले. फक्त एक अट घातली. परीक्षेला मीही बसायचं.

परीक्षक आले ते निळा कोट घालून, ठाण्याहून, सोबत एक तरुण सहायक मुलगी. गृहस्थ सज्जन होते. चपलांची ओळ बघून दारातच थांबले आणि त्यांनी स्वतःचे बूट वाकून नीट लावले. पहिला अर्धा तास छान गेला. मग जोडीनं करायचा भाग आला. एकानं मारत पुढे जायचं, दुसऱ्यानं अडवत मागे जायचं, परीक्षक थांबा म्हणेपर्यंत. मोठ्या बायका दोनच, त्यातल्या यादवबाई त्या दिवशी आजारी. त्यामुळे माझ्या समोर गार्गी आली. दीड वर्षात ती माझ्या कानापर्यंत उंच झाली होती.

ती मारत होती, मी अडवत होते. मी घामाघूम झाले होते. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं, आणि शाळेतल्या त्या प्रसंगात तिचा चेहरा असाच असेल का, हा विचार नको त्या वेळी माझ्या डोक्यात आला. तेवढ्यात परीक्षकांनी खणखणीत आवाजात आज्ञा दिली.

"यामे!"

व्यायामशाळेत कुणीही थांबलं नाही. थांबणार कसं? हा शब्द तिथे कुणी ऐकलाच नव्हता. सव्वीस मुलं आणि चार बाप जोरात मारत नि अडवत राहिले. तो शब्द माहीत असलेली सबंध खोलीत एकच विद्यार्थिनी होती, वहीवाली बाई. मी थांबले. नुसती थांबले नाही, सुटले बाई एकदाची, असं म्हणून दोन्ही हात खाली सोडले. आणि समोरून गार्गीची मूठ माझ्या तोंडावर निघालेली होती.

"र्रवा!" मास्तर ओरडले.

सगळी खोली गोठली. गार्गीची मूठ माझ्या नाकापासून एक बोटभर अंतरावर होती. इतक्या जवळ, की तिच्या बोटावरचा शाईचा डाग मला दिसत होता. ती हलली नाही, थरथरली नाही.

परीक्षक गोंधळून गेले होते. त्यांनी मास्तरांना आज्ञा द्यायला सांगून तो भाग पुन्हा घेतला आणि सगळी मुलं पुन्हा तशीच जागच्या जागी थांबली. मग चहा आला. चहाबरोबर मी मोठ्या अभिमानाने माझं पत्रक दिलं. परीक्षकांनी ते वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि सहायक मुलीकडे दिलं. "ही ओकिनावा बोली कधी ऐकली होतीस?"

मुलीने वाचलं आणि तिच्या नाकातून चहा आला. "सर," ती कशीबशी म्हणाली, "ही ओकिनावा बोली माझी आजी बोलते. कणकवलीला."

त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी तयार होते. परीक्षक मास्तरांकडे वळले. आवाज आदराचा होता, पण प्रश्न सरळ होता. "तुम्हाला यामे माहीत नव्हतं?"

"माहीत होता," मास्तर म्हणाले. "माझ्या गुरूंनी शिकवलेला. पण मी वर्ग सुरू केलंय तेव्हा पोरां होती गिरणीवाल्यांची. अर्धी कालपरवा गावाहून इलेली. यामे म्हटला की ती एकमेकांची तोंडां बघत. 'या' म्हणून बोलवता आणि थांबूक सांगता, ह्या काय? रवा म्हटला की ढिम्म हलणत नाय. कित्या? तर आवस, म्हंजे आई, रोज सांगता. चुलीकडे जाव नको, रव. बावीकडे जाव नको, रव." मग म्हणाले, "जपानातलो मास्तर पोरांक त्यांच्या आवशीच्या भाषेत शिकवता मां? मी पण तसाच शिकवलंय. ह्येका पारंपरिक म्हणतत की नाय, ता तुमी सांगा."

परीक्षकांनी कप खाली ठेवला. ते म्हणाले, "मुलांना दोन्ही शब्द शिकवा. बाहेर कुठे गेली तर नाकं फुटतील." पण ते हसत होते. माझ्या पत्रकाची प्रत त्यांनी घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली, ती कशासाठी हे मी विचारलं नाही.

निकाल लागला. सगळे पास, एक सोडून. माझ्या कागदावर शेरा होता: "आज्ञेनंतर हात खाली. सावधपणा नाही." बरोबर शब्दाला थांबलेली मी एकटी, आणि नापासही मी एकटी. चार बापांनी माझं सांत्वन केलं, त्यात त्यांना झालेला आनंद लपत नव्हता.

सगळे गेल्यावर मास्तर जाजमं गुंडाळत होते. मी त्यांच्याजवळ गेले. पत्रकाबद्दल माफी मागितली आणि मग ते का नाही बोलले म्हणून भांडलेही. "तुमी इतक्या मायेन लिवलात," ते म्हणाले, "माका वाटला, आसतीत ओकिनावाक पण आमचे कोणतरी." मला हसू आलं. मी म्हटलं, "आज मात्र तुम्ही वेळेवर ओरडलात म्हणून माझं नाक वाचलं."

मास्तरांनी हातातलं जाजम खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की हे आता हसणार नाहीत आणि ओरडणारही नाहीत.

"खरा सांगू, वैनी? तुमी हात सोडलात ता मी बघलंय, आणि माझो आवाजच फुटाक नाय. इतकी वर्षां शिकवतंय, असा कधी झाला नाय. घाबरलंय मी. आवाज मागसून इलो. त्याच्या आधीच तुमच्या चेडवान मूठ थांबवलेली."

मला ते खरं वाटेना. मी बाहेर आले. गार्गी पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती, नवा पिवळा पट्टा पिशवीत कोंबलेला. मी विचारलं, "मास्तर ओरडायच्या आधीच थांबलीस तू?"

"हो."

"यामे म्हणजे काय ते तुला माहीत होतं?"

"नाही गं. मला वाटलं ते कुणालातरी हाक मारतायत."

"मग थांबलीस कशी?"

तिने मान वर केली. इतकी साधी गोष्ट आईला कळू नये याचं तिला खरोखरच नवल वाटलेलं दिसत होतं.

"अगं, तू हात खाली घेतलेस ना," ती म्हणाली. "हात खाली घेतलेल्या माणसाला कोण मारतं?"

भर लालबागच्या रस्त्यावर मला रडू फुटलं. मी परीक्षेत नापास झाले होते आणि मला दिसेल त्याला पेढे वाटावेसे वाटत होते.